हातखंड्याचा हिशेब

माइक ब्रेअर्ली इंग्लंडकडून ३९ कसोटी सामने खेळला. शतक एकही नाही, सरासरी २२.८८. नुसत्या फलंदाजीवर त्याला संघात कोणी घेतलं नसतं. पण या ३९ पैकी ३१ कसोटींत तो कर्णधार होता. त्यांतल्या १८ इंग्लंडने जिंकल्या, फक्त ४ हरल्या. सचिन तेंडुलकरच्या नावावर ५१ कसोटी शतकं आहेत आणि कर्णधार म्हणून त्याचा हिशेब असा: २५ कसोटी, ४ विजय, ९ पराभव. ब्रेअर्लीच्या वाट्याला पॅकरच्या खासगी क्रिकेट ‘सर्कशी’ने खेळाडू पळवल्यामुळे दुबळे झालेले प्रतिस्पर्धी आले, सचिनला परदेशात जिंकू शकेल असा गोलंदाजीचा ताफा मिळाला नाही, हे सगळं मान्य. तरी फरक उरतोच. एखादी गोष्ट उत्तम येणं आणि दहा जणांकडून ती उत्तम करून घेणं यांचं नातं वाटतं तितकं सरळ नाही.

तरीही ‘आपली बलस्थानं ओळखा म्हणजे नेतृत्व फुलेल’ हा सल्ला आज सगळीकडे ऐकू येतो, कंपन्यांच्या एचआर विभागापासून मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणवर्गापर्यंत. सल्ला खोटा नाही, पण तो अर्ध्यावर सोडलेला आहे. बलस्थानं ओळखायची कशी, आपण ओळखली ती खरी कशावरून, आणि ओळखल्यावर ती वापरायची किती, या तीन प्रश्नांवर गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरंच काम झालं. त्यातला पहिला प्रश्न सर्वांत गाजला आणि तिसरा सर्वांत दुर्लक्षित राहिला. माझ्या मते खरी मेख तिसऱ्यातच आहे.

सुरुवात व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकरपासून करावी लागते. माणसाला कामावर घ्यायचं ते त्याच्या बलस्थानासाठी. कमतरता आड येणार नाही अशी कामाची रचना करणं हे संस्थेचं काम, असं तो साठच्या दशकापासून सांगत होता. १९९९ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त त्याने स्वतःचं व्यवस्थापन या विषयावर दीर्घ लेख लिहिला. त्यातली पद्धत इतकी साधी आहे, की तिच्यावर कोणाला धंदा उभारता आला नाही. महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नऊ-बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून पाहायचं, बस्स. ही युक्ती आपली नव्हे, सोळाव्या शतकातल्या जेझुइटांच्या आणि कॅल्व्हिनपंथीयांच्या शिस्तीतली आहे, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं. (१५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर हा जेझुइट संघाच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे ही शिस्त आपल्या किनाऱ्यालाही जुनीच.) स्वतःच्या नोंदींतून ड्रकरला कळलं, की इंजिनिअर, हिशेबनीस अशा एका विषयात मुरलेल्या माणसांशी आपलं चटकन जमतं आणि सगळ्यातलं थोडं-थोडं येणाऱ्यांशी जमत नाही. हे कळून त्याचा तोच चकित झाला.

चकित होणं हीच या नोंदींच्या वहीची किंमत आहे. समजा, एका नागरी सहकारी बँकेत एक शाखाधिकारी आहे. जूनमध्ये ती लिहिते: ‘बाजारपेठेतल्या अकरा थकीत खात्यांपैकी सात मार्चएण्डपर्यंत नियमित होतील. कर्जदारांना मी स्वतः भेटेन. जामीनदारांच्या नोटिसा वसुली अधिकाऱ्याकडे.’ मार्च उलटतो. सात खाती खरंच नियमित झालेली असतात आणि तिला वाटतं, आपण म्हणालोच होतो. पण खातं-खातं घेऊन बसलं की निराळंच दिसतं. तिच्या भेटीनंतर पैसे भरले ते दोघांनीच. बाकीची पाच खाती हलली ती जामीनदारांना नोटिसा गेल्यावर. नोटिसा वेळेवर गेल्या, कारण दर सोमवारी यादी घेऊन वसुली अधिकाऱ्यासोबत अर्धा तास बसायचा नेम तिने वर्षभर मोडला नाही. ‘मला माणसं बोलून वळवता येतात’ ही तिची स्वतःबद्दलची समजूत. वहीचं म्हणणं असं, की बाईंची ताकद पाठपुराव्यात आहे. पुढच्या वर्षी त्यांनी भेटींचे दौरे कमी करून सोमवारच्या बैठका आणखी दोन विभागांत सुरू केल्या, तर शाखा सुधारेल. ही माहिती कुठल्याही प्रश्नावलीतून मिळाली नसती, कारण प्रश्नावलीला उत्तर त्यांनी स्वतःच्या समजुतीनेच दिलं असतं.

प्रश्नावल्यांचं युग मात्र ड्रकरच्या वहीला मागे टाकून गेलं. नेब्रास्कातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लिफ्टन यांचं सूत्र असं होतं, की माणसांत काय बिघडलंय याऐवजी काय चांगलं आहे याचा अभ्यास करावा. त्यांच्या कंपनीने १९८८ मध्ये गॅलप विकत घेतली. २००१ मध्ये त्यांचं आणि मार्कस बकिंगहॅम यांचं पुस्तक आलं, आणि चौतीस गुणविशेषांतून तुमचे पहिले पाच काढून देणारी चाचणी घरोघरी गेली. इकडे मार्टिन सेलिगमन १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सकारात्मक मानसशास्त्राचा झेंडा रोवला. २००४ मध्ये क्रिस्टोफर पीटरसन यांच्यासोबत त्यांनी चोवीस चारित्र्यगुणांची सूची मांडली. धैर्य, कृतज्ञता, न्यायबुद्धी, विनोदबुद्धी असे हे गुण.

या चाचण्यांनी एक चांगलं काम केलं. ‘तुझं काय चुकतं’ एवढंच ऐकत वाढलेल्या माणसांना स्वतःबद्दल बरं बोलायला शब्द दिले. पण त्यांच्याकडून नेतृत्वाची अपेक्षा करताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली व्यवहाराची: बलस्थानांवर भर दिल्याने कामगिरी सुधारते याचे सर्वांत मोठे आकडे ज्या संस्थेकडे आहेत, तीच संस्था चाचणी विकते. दुसरी अधिक महत्त्वाची. सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इंटरनेटवरून ५७७ जणांवर प्रयोग केला. काहींना आपले ठळक गुण नुसते ओळखायला सांगितले. काहींना ओळखून आठवडाभर रोज नव्या पद्धतीने वापरायला सांगितले. नुसतं ओळखण्याचा परिणाम लवकरच ओसरला, वापरणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही बरं वाटत होतं. आणि मोजलं होतं तेही सुख-समाधान. हाताखालच्या माणसांचं काम सुधारलं का, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता. तरी चाचणीत आलेले पाच शब्द काही जण रक्तगटासारखे ईमेलच्या सहीखाली मिरवतात. रक्तगट बदलत नाही. गुण कामागणिक बदलतो.

स्वतःला विचारून भागत नसेल, तर इतरांना विचारावं लागतं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये आखलेली ‘जोहरी खिडकी’ आपल्याकडच्या बहुतेक प्रशिक्षणांत फळ्यावर काढली जाते. मला ठाऊक नसलेलं पण इतरांना दिसणारं, असा तिचा एक कप्पा. तो कप्पा खरंच भरलेला असतो, याला नंतर पुरावा मिळाला. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये दाखवलं, की मनातली धास्ती, अस्वस्थता याबाबत माणूस स्वतःला मित्रांपेक्षा नीट ओळखतो. पण बुद्धी, सर्जनशीलता अशा ज्या गुणांत आपली इभ्रत गुंतलेली असते, तिथे मित्रांचा अंदाज अधिक बरोबर येतो. नेतृत्वाचे बहुतेक गुण या दुसऱ्या गटातलेच.

मिशिगन विद्यापीठातल्या काही अभ्यासकांनी २००५ मध्ये यावर एक पद्धत सुचवली. घरचे, जुने-नवे सहकारी, मित्र, शिक्षक अशा दहा-वीस जणांना सांगायचं: मी माझ्या उत्तम रूपात तुम्हाला दिसलो असेन, असे प्रसंग लिहून द्या. विशेषणं नकोत, प्रसंग हवेत. मग त्या सगळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा काय दिसतं ते शोधायचं. कागदावर छान वाटतं, पण मराठी माणसाला हे जमायचं कसं? ‘माझं कौतुक लिहून द्या’ असं मागायला जीभ रेटत नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं मोजली त्यांत आपणच आपली स्तुती करणारा आहे, आणि तो संस्कार आपल्या हाडीमाशी खिळला आहे. म्हणून आपल्याकडे ही माहिती मिळते ती सेवानिवृत्तीच्या दिवशी, शाल-श्रीफळासोबत. कार्यालयातला शिपाई उठून सांगतो, ‘माझ्या मुलीच्या अॅडमिशनच्या वेळी साहेबांनी स्वतः कॉलेजला फोन केला होता.’ तीन जण असाच एकेक प्रसंग सांगतात, आणि साहेबांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळतं, की आपल्या नियमावरच्या प्रभुत्वाचं कोणालाच काही नव्हतं. माणसं टिकली ती अडीअडचणीला धावून जाण्यामुळे. हीच भाषणं पंधरा वर्षं आधी झाली असती तर! कौतुक मागवत नसेल तर प्रश्न फिरवून विचारावा: ‘मागच्या वर्षी माझ्यामुळे तुमचं कुठलं काम सोपं झालं?’ यात आत्मस्तुती नाही, आणि उत्तर मिळतं ते प्रसंगाचंच.

सरकारी नोकरीत तर इतरांचं मत कित्येक वर्षं कपाटात कुलूपबंद होतं. ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ हा खटला या विषयावरच्या प्रत्येक व्याख्यानात सांगायला हवा. सीमा रस्ते संघटनेतल्या एका कार्यकारी अभियंत्याच्या गोपनीय अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी पाचही वर्षं ‘अतिशय चांगला’ हवं होतं. ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल नाही म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नव्हता आणि त्याच शेऱ्याने बढती हुकली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बरा असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. माणसाच्या गुणांबद्दलची माहिती त्या माणसापासूनच लपवायची नाही, हे ठरायला स्वातंत्र्यानंतर साठ वर्षं लागली.

इतरांचं मत म्हणजे तरी शुद्ध आरसा नव्हे. क्लुगर आणि डीनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या शेकडो निष्कर्षांची एकत्र छाननी केली. सरासरीने अभिप्रायाने काम सुधारतं, पण एक-तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ते चक्क बिघडलं. अभिप्राय कामावरून घसरून माणसावर गेला, की ऐकणारा काम सोडून स्वतःला सावरायला लागतो. शिवाय बघणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असतोच. पश्चिम बंगालमधल्या गावांत अर्थतज्ज्ञ लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना ग्रामपंचायतप्रमुखाचं, म्हणजे प्रधानाचं, एकच भाषण ऐकवलं, कुठे पुरुषाच्या आवाजात, कुठे बाईच्या. जिथे कधी महिला प्रधान झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या त्याच भाषणाला कमी गुण दिले. जिथे आरक्षणामुळे महिला प्रधान येऊन गेली होती तिथे हा दुजाभाव जवळपास मावळला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास महाराष्ट्रात सर्वांनी वाचावा असा आहे, कारण २०११ पासून आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पहिल्यांदाच सरपंच झालेल्या बाईला गाव ‘बोलता येत नाही’ असं म्हणत असेल, तर ती कमतरता बाईची की ऐकणाऱ्यांच्या कानाची, हे तपासल्याशिवाय तिने ते मत मनावर घेऊ नये. सारख्याच ठामपणाला पुरुषात खंबीरपणा आणि बाईत हेकटपणा म्हणणारे परीक्षक प्रत्येक ऑफिसात असतात.

आता तिसरा प्रश्न, वापरायचं किती?

अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’च्या मॉर्गन मॅकॉल आणि मायकेल लोम्बार्डो यांनी १९८३ मध्ये एक वेगळाच अभ्यास मांडला. वर पोहोचलेल्या अधिकाऱ्यांशेजारी त्यांनी वर पोहोचता-पोहोचता रुळावरून घसरलेले अधिकारी ठेवून पाहिले. दोन्ही गट हुशार, दोन्ही कष्टाळू. घसरणाऱ्यांत माणसांशी तुटकपणे वागणं हे कारण फार वेळा आढळलं. पण त्याहून बोचरा निष्कर्ष असा, की ज्या गुणाने माणूस वर चढला होता, अनेकदा तोच गुण वरच्या पायरीवर त्याला नडला.

हे कसं होतं ते रुग्णालयाच्या वॉर्डात बघावं. एक स्टाफ नर्स आहे, जिच्या हाताला यश आहे. तापाने फणफणलेलं तान्हं मूल असो की शिरा पार बसलेली म्हातारी, दुसऱ्या दोघींना व्हेन सापडत नाही तिथे हिची सुई पहिल्या खेपेला जाते. दहा वर्षांनी ती इन्चार्ज सिस्टर होते. आता तिच्याकडे ड्युटी लावणं, औषधांचा साठा, हँडओव्हर, नव्या मुलींना तयार करणं अशी कामं आहेत. पण वॉर्डात कुठे सलाईन अडलं, की हाक तिलाच, आणि तीही हातातलं रजिस्टर टाकून धावते. पेशंट खूश, डॉक्टर खूश, तिलाही बरं वाटतं. नुकसान होतं ते नजरेआड: दोन वर्षं वॉर्डात असूनही नव्या मुलींना अवघड व्हेन सापडत नाही, कारण अवघड वेळ आली की सुई त्यांच्या हातून काढून घेतली जाते. सिस्टर रजेवर गेल्या की वॉर्डाचे हाल. बाईंचा गुण कमी झालेला नाही. तो जास्त झाला आहे. त्यांना हवं आहे ते सुई खाली ठेवून शेजारी उभं राहण्याचं बळ, आणि ते कुठल्याच चाचणीच्या पहिल्या पाचांत येत नाही.

रॉबर्ट कॅप्लान आणि रॉबर्ट कायझर यांनी २००९ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला आणि जाता जाता मूल्यमापनाच्या फॉर्मचं बिंग फोडलं. एक ते पाच गुण देणाऱ्या फॉर्ममध्ये पाच म्हणजे सर्वोत्तम. म्हणजे ‘निर्णायकपणा’ जितका जास्त तितका चांगला असं फॉर्मच गृहीत धरतो. अति झालं हे लिहायला त्यात जागाच नसते. त्यांनी मोजपट्टीच बदलली: मध्यभागी ‘योग्य’, एका बाजूला ‘कमी’, दुसऱ्या बाजूला ‘जास्त’. मग दिसू लागलं, की रेटून काम करवून घेणारे अधिकारी सोबतच्यांना मोकळीक देण्यात हमखास कमी पडतात आणि मोकळीक देणारे रेटण्यात. एका गुणावर भार टाकून चालणारा माणूस त्याच्या उलट गुणाला उपाशी ठेवतो. अति तिथे माती हे आपल्याला बाळपणीच शिकवतात, फॉर्म बनवणाऱ्यांना मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं.

बढतीची रीत या दुखण्यात भर घालते. लॉरेन्स पीटर यांनी १९६९ मध्ये थट्टेच्या सुरात सांगितलं होतं, की माणूस जमणार नाही त्या पदापर्यंत बढत्या घेत जातो. अॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री प्रतिनिधींच्या नोंदींवरून ते गंभीरपणे तपासलं. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त, आणि ते व्यवस्थापक झाल्यावर हाताखालच्यांची विक्री उलट घसरण्याची शक्यताही जास्त. उत्तम वर्गशिक्षकाला मुख्याध्यापक आणि उत्तम शल्यविशारदाला अधिष्ठाता करताना आपणही हाच जुगार खेळतो.

इथे पुन्हा त्या दोन क्रिकेटपटूंकडे जाणं भाग आहे. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या हेडिंग्ले कसोटीत इंग्लंडवर फॉलोऑन ओढवला होता. आदल्याच कसोटीनंतर बोथमने कर्णधारपद सोडलं होतं आणि ब्रेअर्लीला परत बोलावलं होतं. बोथमच्या नाबाद १४९ धावांमुळे ऑस्ट्रेलियापुढे १३० धावांचं आव्हान उभं राहिलं. बॉब विलिस चढावर, वाऱ्याविरुद्ध गोलंदाजी करत होता आणि काही घडत नव्हतं. ब्रेअर्लीने त्याला कर्कस्टॉल लेनच्या टोकाकडून, उतारावर आणलं. विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले, इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. या सामन्यात ब्रेअर्लीच्या स्वतःच्या बॅटने काहीच केलं नव्हतं. दुसऱ्याचं बळ कुठल्या टोकाकडून चालेल हे ओळखणं, हाच त्याचा हातखंडा होता. पुढे तो मनोविश्लेषक झाला.

आणि सचिन? २००७ मध्ये क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष शरद पवार यांनी कर्णधारपदाबद्दल विचारलं, तेव्हा सचिनने स्वतः नकार देऊन धोनीचं नाव सुचवलं, हे दोघांनीही जाहीरपणे सांगितलं आहे. स्लिपमध्ये उभं राहून यष्टीमागच्या धोनीशी होणाऱ्या बोलण्यातून त्याला या मुलाचं डोकं किती शांत आहे याचा अंदाज आला होता. खेळ वाचण्याची सचिनची जाण इथे संघाच्या कामी आली, ती कर्णधार होऊन नव्हे तर कर्णधार निवडून. २५ कसोटींच्या त्या आकड्यांपेक्षा हा सल्ला मला नेतृत्वाचा मोठा पुरावा वाटतो.

चिंतनाला वेळ कुठून आणायचा, ही तक्रार उरतेच. विप्रोच्या प्रशिक्षणार्थींवर झालेला एक अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो: दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं शिकलेलं लिहून काढणाऱ्या गटाला अंतिम परीक्षेत जवळपास २३ टक्के जास्त गुण मिळाले. त्या अभ्यासाच्या लेखकांपैकी एकीवर पुढे इतर शोधनिबंधांतले आकडे बदलल्याचा ठपका आला, आणि मुळात तो अभ्यास नवशिक्यांच्या परीक्षेचा आहे. म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. मानसशास्त्रज्ञ टाशा युरिक यांचा इशारा मात्र अनुभवाला पटतो. ‘मी असा का?’ हा प्रश्न घेऊन बसणारा उगाळत राहतो, ‘आता काय करू?’ असं विचारणारा पुढे सरकतो. ड्रकरच्या वहीला तर वर्षातून दोन-चार संध्याकाळी पुरतात.

मार्चअखेर सगळीकडे स्वयंमूल्यमापनाचे फॉर्म फिरतील. ते छापणाऱ्यांना एक विनंती. या वर्षी एक ते पाच गुणांचे रकाने काढून ‘कमी’, ‘योग्य’, ‘जास्त’ असे तीनच ठेवा. खर्च शून्य आहे. आणि पहिला फॉर्म साहेबांनी स्वतःबद्दल हाताखालच्या माणसांकडून भरून घ्यावा, खाली नाव न लिहिता.